आधी झाडू

चेचीचं खरं नाव मला बरेच महिने ठाऊक नव्हतं. बंगळूरच्या कडुगोडीत आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारी, व्हाइटफील्डमधल्या एका मोठ्या इस्पितळात नर्स असलेली मल्याळी बाई, इतकीच ओळख. तिला सगळेच चेची, म्हणजे ताई, म्हणायचे. वॉचमन म्हणायचा, पाण्याचा टँकरवाला म्हणायचा, आणि तिच्याहून बरेच मोठे असलेले दुसऱ्या मजल्यावरचे तमिळ आजोबाही म्हणायचे. या बाईने एकदा ‘नाही’ म्हटलं की विषय संपला, हे इमारतीत सर्वांना कळून चुकलेलं होतं.

मी 2006 साली इथे आलो तेव्हा व्हाइटफील्ड निम्मं गाव होतं आणि निम्मं बांधकाम. आयटीपीएल या टेक पार्कच्या काचेच्या इमारती संपल्या की नीलगिरीची बनं लागायची. इनर सर्कलमध्ये कौलारू अँग्लो-इंडियन बंगले अजून उभे होते. हे गाव मुळात उपऱ्यांसाठीच वसवलेलं. 1882 साली म्हैसूरच्या महाराजांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला ही जमीन दिली, आणि संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांचं नाव तिला लागलं. त्यामुळे असेल, पण ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न इथे कुणी टोचून विचारत नाही. सगळेच कुठले तरी असतात. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला.

पुढच्या पावसाळ्यात मला डेंगी झाला. खोलीतला सोबती गावी गेलेला. चेची रात्रपाळी संपवून सकाळी यायची आणि आपल्या घरी जायच्या आधी माझं दार वाजवायची. प्लेटलेट किती आहेत हे ती विचारायची नाही, रिपोर्टचा कागद हातातून ओढून घ्यायची. ऑफिसातल्या कुणीतरी पपईच्या पानांचा रस पाठवला होता, तो तिने माझ्यादेखत मोरीत ओतला. ‘पाणी पी. लघवीचा रंग मला सांग. बाकी शहाणपणा नको,’ असं तिचं हिंदी, मल्याळी वळणाचं आणि हुकमी. एका सकाळी माझ्यात उठायचंही बळ नव्हतं, तेव्हा तिने मला स्वतःच्या इस्पितळात नेलं, तिथे मी बरा होईपर्यंत पाळ्या बदलून माझ्या वॉर्डात राहिली, आणि घरी आल्यावर रोज कंजी करून घातली. पेजेसकट मऊ भात आणि सोबत शिजवलेले मूग. आईला मी सगळं बरं झाल्यावरच कळवलं. आई फोनवर रडली नाही. तिने फक्त विचारलं, ‘त्या बाईला काय दिलंस?’

काही दिलं नव्हतं. तिने घेतलंच नसतं.

कंजी करायला तिने माझ्या ओट्यावरचं पातेलं घेतलं तेव्हाची गोष्ट. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, काठाखाली बारीक अक्षरं कोरलेली. लग्नाच्या भेटीवर घालतात तशी: चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम, आणि खाली 1971 सालच्या मे महिन्यातली तारीख. चेचीने बोट फिरवून विचारलं, ‘हे तुझ्या आईचं नाव?’

नाही, म्हटलं. हे कुणाचं नाव आहे ते आम्हाला माहीत नाही.

मग तिला किल्लारीच्या भूकंपाचं सांगावं लागलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे तीन वाजून छपन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं दमून निजली होती. मी दहा वर्षांचा होतो. 6.2 तीव्रतेचा भूकंप जगाच्या मानाने काही फार मोठा नव्हे. माणसं मेली ती घरांनी मारली. चिखलात रचलेल्या, दोन-दोन हात रुंद दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी मातीचा थर द्यायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. लातूर-उस्मानाबादची 52 गावं पुढे जागा बदलून नव्याने वसवावी लागली. आमच्या घरात आज्जी गेली.

मग ट्रक यायला लागले. वर्तमानपत्रांतून जी मदत दिसते ती आणि जी आमच्या पदरात पडली ती, या दोन्ही खऱ्या, पण वेगळ्या. पिठलं-भाकरीच्या चळती बांधून आणणारी आसपासच्या तालुक्यांतली माणसं मला आठवतात. त्यांची नावं कुठल्याही फलकावर नव्हती. लष्कराचे जवान आठवतात. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिकवायला वाघोलीला नेली, त्यात आमच्या शाळेतलीही होती. आणि आठवतात कपड्यांचे डोंगर. पावसात भिजून कुबट वास मारणारे. त्यात कोट होते, टाय होते, एक भरजरी घागरा होता. पोरांनी टाय कमरेला बांधून बैल-बैल खेळायला घेतलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या नऊवारी लुगडं नेसणाऱ्या, आणि ढिगात सगळ्या पाचवारी. थोरल्या चुलतीने दोन साड्या एकमेकींना शिवून एक लुगडं केलं. देणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आपल्याकडचं जास्तीचं द्यायचं ही सवय असते, आणि घाईत माणूस सवयीनेच वागतो. पण घेणाऱ्याला त्या ढिगात आपण कसे दिसतो आहोत ते दिसतं.

माझे वडील, दादा, रांगेत उभे राहिले नाहीत. दहा एकर रान असलेला माणूस, सुगीत दुसऱ्यांना धान्य मोजून देणारा. शेजाऱ्यांनी समजावलं, गुरुजींनी समजावलं. ते लिंबाच्या झाडाखाली बसून राहिले. शेवटी आई गेली आणि चादर, कंदील आणि हे पातेलं घेऊन आली. पालात बसून तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. पोचा नाही, चरा नाही, घासून घासून आतून चकचकीत झालेलं. अडगळीत पडलेलं भांडं वेगळं दिसतं. ‘हिनं चुलीवरचं उतरून दिलंय बघ,’ आई म्हणाली. मामांनी लग्नात दिलेलं, बावीस वर्षं हाताखालचं. त्या बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या कुठे तरी असतील, आणि त्यांनी ते छापून यावं म्हणून दिलं नव्हतं.

चेचीने सगळं ऐकून घेतलं आणि कंजीखालचा गॅस बारीक केला. मी तिला बाणेगावचंही सांगितलं. लातूर जिल्ह्यातलं ते गाव पुन्हा उभारायला केरळातलं ‘मल्याळ मनोरमा’ हे वर्तमानपत्र पुढे आलं होतं, आणि वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांची त्याला साथ होती. आमच्या एका लांबच्या मावशीचं ते सासर. म्हणजे तुमच्या लोकांचं आमच्यावर आधीचंच आहे, असं मी म्हणालो. मला वाटलं, ती भारावेल. भूकंपाच्या वेळी ती नर्सिंग शिकत होती, घरी मनोरमा येत असे. ‘अप्पांनी दिले असतील पैसे,’ ती म्हणाली. ‘अप्पा सगळ्यालाच द्यायचे. चर्चला द्यायचे, पार्टीला पण द्यायचे. मला काय माहीत?’ मी तो धागा पकडून ठेवला, तिने सोडून दिला. अजूनही मला वाटतं की दिले असणार. पण हे माझं वाटणं आहे.

पुढे, 2018 च्या ऑगस्टमध्ये, केरळात पाऊस थांबेना. इडुक्कीच्या चेरुथोणी धरणाचे दरवाजे सव्वीस वर्षांनी उघडले, स्वातंत्र्यदिनी कोचीचा विमानतळ बंद झाला, आणि पंपा नदी चेंगन्नूरच्या आसपासच्या गावांत शिरली. चेचीचं माहेर पांडनाडला, नदीच्या अगदी काठाला. अम्मा आणि भाऊ माडीवर अडकलेले, मग फोन लागेना. त्या दिवसांत चेचीची एकही पाळी चुकली नाही. घरी बसून काय करू, म्हणायची. कोल्लमच्या किनाऱ्यावरचे कोळी आपल्या नावा ट्रकवर चढवून चेंगन्नूरला घेऊन गेले होते. अशाच एका नावेतून अम्मा बाहेर पडली. राज्यभर हजारो कोळी असे आपणहून निघाले होते, आणि त्यांनी पासष्ट हजारांच्या घरात माणसं बाहेर काढली. यातल्या बहुतेकांची स्वतःची घरं किनाऱ्यावरच्या वाळूत. अम्माला ज्याने उचलून नावेत ठेवलं त्याचं नाव तिलाही विचारता आलं नाही.

इकडे सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मदत गोळा व्हायला लागली. (आम्ही तोवर त्याच रस्त्यावरच्या मोठ्या सोसायटीत आलो होतो. चेचीने दुसऱ्या ब्लॉकमध्ये घर घेतलं होतं आणि माझी बायको तिला माझ्यापेक्षा जास्त घाबरायची.) कोडगूतही त्याच सुमारास डोंगर खचले होते, त्यामुळे दोन फलक होते, एक केरळ आणि एक कोडगू. ढीग मात्र एकच. मी तो निवडायला बसलो होतो, आणि थोड्याच वेळात मला लातूरचा वास यायला लागला. एकाच पायाची सँडल. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध. पार्टीचा चमचमता ड्रेस. बटणं तुटलेले शर्ट. एका घराने मात्र सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून, मापांच्या चिठ्ठ्या लावून दिले होते. अशीही माणसं असतात.

चेची ड्युटीवरून तशीच आली. ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘आधी झाडू पाठव.’

मी वही काढली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ असतो, तो वाळायच्या आत काढावा लागतो, नाही तर सिमेंटसारखा धरतो. म्हणून खराटे, फावडी, बादल्या. रबरी बूट आणि हातमोजे, कारण गाळात साप असतात आणि फुटक्या काचा असतात. ब्लीचिंग पावडर. कपड्यांत फक्त नवी अंतर्वस्त्रं, लुंग्या आणि नायट्या. आमच्या बायका शिबिरात तुमचे चुडीदार घालून काय करतील? सॅनिटरी पॅड. मेणबत्त्या, काड्यापेट्या. आणि डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, पण त्या डॉक्टरांमार्फतच, कुणी पिशवीतून वाटायच्या नाहीत. उंदरांच्या मुतातून पाण्यात मिसळणारा लेप्टोचा ताप पूर ओसरल्यावर येतो, हे तिने तेव्हाच सांगितलं. पुढच्याच पंधरवड्यात केरळात त्याने माणसं दगावायला लागली.

ही यादी सोसायटीच्या ग्रुपवर गेली तेव्हा थोडी नाराजी झाली. झाडू देताना दिल्यासारखं वाटत नाही. एकाने लिहिलं की बेगर्स कान्ट बी चूजर्स. त्याला उत्तर कुणी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर धुणीभांडी करणारी अक्का येऊन एक पुडकं ठेवून गेली. रायचूर बाजूची ती, तुबरहळ्ळीकडे निळ्या ताडपत्रीच्या पालात राहायची. पुडक्यात बायकांच्या नव्या कोऱ्या परकर-चड्ड्या आणि एक किलो मीठ. 2009 साली तुंगभद्रेचा पूर तिच्या गावात शिरला होता. तिला यादी वाचता येत नव्हती, आणि तिला यादीची गरजही नव्हती. गुंज संस्थेचे अंशु गुप्ता कपड्यांच्या दानाबद्दल वर्षानुवर्षं तळमळून सांगत आले आहेत; त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पडून राहिलेले नको असलेल्या कपड्यांचे ढीग त्यांच्या माणसांनीच निवडले होते. पण मला विचाराल तर हा विषय मी त्या मिठाच्या पुड्यावरून शिकलो.

सोसायटीचा ओणमचा कार्यक्रम रद्द झाला, ते पैसे केरळला गेले. आम्ही मराठी मंडळींनी त्या वर्षी गणपतीत ढोल-ताशा बोलावला नाही. माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. मी एक रक्कम पाकिटात घालून चेचीकडे गेलो. तुमच्या घरासाठी, म्हटलं. तिने पाकीट उघडलंही नाही.

‘माझं घर मी बघते. मुख्यमंत्र्यांच्या निधीत भर. आणि नंबर सरकारी साइटवरूनच घे, ग्रुपवर फिरतात ते खोटे असतात.’

‘चेची, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी—’

‘डेंगीचं बिल मी तुला लावलं होतं का?’

पैसे निधीतच भरले. चेची रजा टाकून महिनाभर गेली, चेंगन्नूरच्या एका शिबिरात काम केलं, मग घरातला गाळ काढला. मध्येच एकदा तिचा फोन आला, आवाजात चक्क हसू. महाराष्ट्र सरकारने पाठवलेल्या डॉक्टरांपैकी काही पोरं तिच्या शिबिरात आली होती. ‘तुझी माणसं आली आहेत. काम चांगलं करतात, पण तिखट मागतात.’ त्याच दिवसांत पुण्याहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचं पाणी केरळला गेलं होतं. सगळीकडे पाणीच पाणी आणि प्यायला पाणी बाहेरून. हे विचित्र वाटतं, पण पूर आलेल्या गावातली विहीर सगळ्यात आधी नासते.

रेल्वेतून येणारं पाणी म्हटलं की लातूरकराला काय आठवतं ते सांगायला नको. 2016 च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, कृष्णेचं पाणी. दादा स्टेशनवर बघायला गेले होते. ज्या माणसाने 1993 मध्ये रांग नाकारली तो त्या उन्हाळ्यात घागर घेऊन टँकरपाशी उभा राहिला, आणि मला फोनवर म्हणाला, ‘मिरजंचं पाणी गोड हाय.’ पुढल्या वर्षी ते गेले.

म्हणून 2019 च्या ऑगस्टमध्ये तीच कृष्णा सांगलीत आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर चढली, तेव्हा मला कुठलं आवाहन वाचावं लागलं नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग पाण्याखाली, बंगळूरहून निघालेले ट्रक रांगेत उभे. व्हाइटफील्डमध्ये मदत गोळा होत होती ती बेळगाव-बागलकोटसाठी, कारण पाणी तिकडेही तेवढंच. सोसायटीच्या ग्रुपवर आलमट्टी धरणावरून जुंपली: कर्नाटक पाणी सोडत नाही म्हणून सांगली बुडाली, की महाराष्ट्राने सोडलं म्हणून बागलकोट. पुढे महाराष्ट्र सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने आलमट्टीमुळे सांगलीला पूर आला नाही असा निर्वाळा दिला, पण तोवर भांडणारे दुसऱ्या भांडणात गेले होते. चेची जिना उतरून आली, हातात औषधांची यादी आणि एक पाकीट. यादी बेळगावला जाणाऱ्या गाडीसाठी, पाकीट सांगलीसाठी. मी घेतलं. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

निवृत्त होऊन ती आता पांडनाडला असते. घर तिने उंच जोत्यावर नव्याने बांधलं आहे. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कोसळला तेव्हा तिचा फोन माझ्या नातेवाइकांच्याही आधी आला. टीव्हीवर धाराशिव हे नाव ऐकून ते लातूरच्या शेजारीच ना, असं तिने ताडलं होतं. काय हवंय? मी म्हटलं, बघून सांगतो. ‘तू बंगळूरमध्ये बसून काय बघणार? आईला विचार.’

आई गावीच असते. ती म्हणाली, ‘आपल्याला काय बी नको. तेरणंच्या काठाची रानं खरवडून गेल्यात, सोयाबीन शेंगांसकट कुजलंय. पाणी हटलं की ज्यांची माती राहिलीय त्यांना हरभरा पेरायचाय, आन् घरात बियाला दाणा न्हाई. बियाणं पाठवा म्हणावं. कापडं नकोत.’ मी हे चेचीला हिंदीत सांगितलं. एकरी पंचवीस-तीस किलो बी लागतं हेही सांगितलं, कारण ती विचारणारच होती. पैसे त्याच संध्याकाळी आले, मला वाटले होते त्याहून बरेच जास्त, आणि सोबत निरोप: बिल पाठव.

औशाच्या दुकानातून भावाने पिशव्या उचलल्या, आईने सांगितलेल्या घरी पोचवल्या आणि बिलाचा फोटो पाठवला. मी तो पुढे ढकलला. पाच मिनिटांत फोन. दोन ओळींत दर वेगवेगळा का? मी दुकानदाराला विचारून घेतलं. तो म्हणाला, साहेब, वाण वेगळे आहेत, वरचा विजय आणि खालचा जॅकी. मी चेचीला तसंच कळवलं.

‘जॅकी कोण?’ तिने विचारलं. ‘त्याला कशाला दिलं?’